चेहरेपट्टी

वैशाखातल्या ज्या दुपारी जळगावचे रस्ते निर्मनुष्य होतात, केळीच्या बागांतली पाने कडेकडेने करपून तांबूस दिसू लागतात आणि घराघरांतून कूलरमधल्या वाळ्याचा ओला गंध बाहेर झिरपत राहतो, त्या दुपारी मी उत्तरेकडच्या खिडकीशी मेज ओढून एका वराहमुखी शिपायाचा डावा डोळा रंगवीत बसलेला असतो. हा शिपाई टाचेपासून टाळूपर्यंत सुमारे 28 मिलिमीटर, म्हणजे माझ्या अंगठ्याच्या वरच्या पेराएवढा. त्याच्या कुऱ्हाडीचे पाते ज्वारीच्या दाण्याएवढे आणि त्याचा डोळा खसखशीच्या कणाहूनही बारीक. श्वास आत घ्यावा, निम्मा सोडावा, उरलेला निम्मा छातीत थोपवून धरावा आणि तेवढ्या अवधीत ब्रशचे टोक एकदाच टेकवून उचलून घ्यावे, एवढीच ती क्रिया. परंतु तीस वर्षे शाळेत चित्रकला शिकवूनही जे मला उमगले नव्हते ते ह्या एका टिंबाने मला शिकवले, आणि ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

हे सैन्य माझ्याकडे आले ते भाच्याकडून. माझी बहीण धुळ्यास दिलेली. तिचा मुलगा पुण्यास शिकत असताना त्याला मेजावरच्या युद्धखेळाचा छंद जडला, आणि पुढे नोकरीनिमित्त दूरदेशी जाताना त्याने चाळीस शिपायांची एक पेटी, “मामा, तुमचा हात रंगाचा आहे, सवडीने रंगवा,” असे म्हणून माझ्या हवाली केली. ज्यांना हा खेळ अपरिचित आहे त्यांच्यासाठी थोडा तपशील देतो. चांगल्या लांबरुंद मेजावर टेकड्या, तटबंद्या, पडके बुरूज मांडून दोन खेळाडू आपापली फौज समोरासमोर उभी करतात; कोणी किती इंच सरकावे हे फूटपट्टीने मोजले जाते आणि कोणाचा वार लागू पडला ह्याचा निवाडा फासे करतात. ह्या फौजा इतिहासातल्याही असतात. परंतु इंग्लंडातल्या गेम्स वर्कशॉप ह्या कंपनीने 1983 साली वॉरहॅमर नावाचा खेळ प्रसिद्ध केल्यापासून अद्भुताच्या मुलुखातल्या फौजांना विशेष बहर आला, आणि हिरव्या कातडीचे राक्षस, अस्थिपंजरांच्या पलटणी, पंखांचे दानव व दाढीवाले बुटके वीर असंख्य घरांतल्या मेजांवर उभे राहिले. हे शिपाई विकत मिळतात ते करड्या प्लास्टिकच्या चौकटीत, सुट्या अवयवांच्या रूपाने. त्यांना कापून, घासून, चिकटवून उभे करणे आणि नखशिखान्त रंगवणे हे ज्याचे त्याने करावयाचे असते, आणि त्यात इतके तास जातात की, कित्येकांचा खेळ वर्षातून चार वेळा होतो आणि रंगकाम मात्र वर्षभर चालते.

रंगकामाची रीत वरवर सोपी आहे. आधी सर्वांगाला काळे अस्तर द्यावे, म्हणजे पुढचा रंग धरून राहतो. मग प्रत्येक भागाला त्याचा मूळ रंग, जाड एका हाताऐवजी पातळ दोन हातांनी. मग पाण्यासारखा पातळ केलेला गडद रंग सर्वत्र सोडावा, तो आपण होऊन खाचाखोचांत उतरतो आणि तेथे सावली धरतो. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशावर फिकट रंग घेऊन उंचवट्यांवरून अलगद फिरवावा, म्हणजे चिलखताच्या कडा, नाकाचा शेंडा, बोटांची पेरे उजळून येतात. पण खानदेशातल्या उन्हाळ्यात ॲक्रिलिकचा रंग थाळीतून शिपायापर्यंत पोहोचण्याच्या आतच ब्रशावर सुकतो, आणि आरंभी मी त्यापायी अगदी हवालदिल झालो होतो. केळीच्या पानाचा तुकडा घेऊन त्यावर रंग काढून पाहिला, तर त्या मेणचट पृष्ठावर पातळ रंग थेंबथेंब होऊन पळू लागला. अखेरीस स्टीलच्या पसरट डब्यात ओले फडके, त्यावर बटरपेपर आणि त्यावर रंग, अशी व्यवस्था लागू पडली. शिपायांच्या पायांखाली गिरणेची चाळलेली वाळू चिकटवली, काहींच्या पायांखाली कपाशीच्या रानातली काळी माती. आणि परदेशी कल्पनेतून जन्मलेले ते दैत्य आमच्याच शिवारात उभे राहिले.

ह्या सगळ्या रीतीच्या मुळाशी एक अडचण आहे, आणि ती विचार करण्याजोगी आहे. माणसाच्या चेहऱ्यावर भुवईखाली, नाकाच्या बाजूला, हनुवटीखाली जी छाया पडते तिच्यामुळे चेहरा चेहरा म्हणून दिसतो. परंतु मूर्ती जेव्हा अंगठ्याच्या पेराएवढी होते तेव्हा तिच्या खाचा इतक्या उथळ असतात की, खिडकीतला उजेड त्यांच्यात छाया पाडू शकत नाही, आणि उत्तम घडवलेला शिपाईसुद्धा हातभर अंतरावरून ढेकळासारखा दिसतो. म्हणून रंगवणाऱ्याला केवळ वस्त्रांचे आणि कातडीचे रंग देऊन भागत नाही. त्याला प्रकाश आणि छाया हीसुद्धा हातानेच द्यावी लागतात. आमच्याच जिल्ह्यात, चाळीसगावच्या रेल्वेस्थानकालगतच्या बंगल्यात, केकी मूस (1912–1989) ह्या कलावंताने आयुष्याची कित्येक दशके जवळजवळ उंबरठा न ओलांडता ह्याच एका प्रश्नाचा ध्यास घेऊन काढली. त्यांची मेजावरची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत: घरातल्या साध्यासुध्या वस्तू टेबलावर मांडावयाच्या आणि त्यांच्यावर प्रकाश असा खेळवावयाचा की, छायाचित्रात तो हातभर पसारा विस्तीर्ण भूप्रदेश होऊन दिसावा. त्यांच्या बंगल्यातले ह्या छायाचित्रांचे दालन पाहून मी जेव्हा जेव्हा घरी परतलो आहे तेव्हा तेव्हा मला एकच गोष्ट नव्याने पटली आहे की, लहान वस्तू लहान राहते ती तिच्या आकारामुळे कमी आणि तिच्याकडे पाहणाऱ्याच्या घाईमुळे अधिक.

अद्भुत सैन्याची चित्रे काढण्याचा हा व्यवसाय आमच्या भागाला मुळीच नवा नाही. जळगावहून निघून दोन तासांच्या आत माणूस अजिंठ्याच्या पायथ्याशी पोहोचतो; तेथल्या सतराव्या लेण्यात, वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळात, म्हणजे पाचव्या शतकात, सिंहल नावाच्या व्यापाऱ्याची कथा भिंतभर रंगवलेली आहे. जहाज फुटून तो राक्षसिणींच्या बेटावर जातो, तेथून सुटतो, पुढे राजा होतो आणि हत्ती, घोडे, पायदळ घेऊन त्या बेटावर चालून जातो. पहिल्या लेण्यात माराची सेना बुद्धावर तुटून पडली आहे, आणि सव्विसाव्यात तोच प्रसंग पाषाणात कोरलेला आहे. त्या कारागिरांनीसुद्धा आधी अस्तरच घातले होते: भाताचे तूस आणि गवताचे तंतू कालवलेल्या मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर, आणि मग गेरू, पिवळी माती, काजळी, हिरवी माती व दूरदेशीहून आणलेला नीलाश्म. हिंस्र मुखांच्या त्या मारसैनिकांसमोर मी कंदिलाएवढ्या मंद उजेडात बराच वेळ उभा राहिलो आहे, आणि प्रत्येक वेळी माझ्या मनात हाच विचार आला आहे की, ज्यांचा पराभव आधीच ठरलेला होता आणि ज्यांच्याकडे भाविकाची दृष्टी क्षणभरसुद्धा ठरणार नव्हती, त्या विद्रूप गणांतल्या एकाचे तोंड दुसऱ्यासारखे होऊ नये म्हणून त्या अनाम चित्रकाराने किती सायास केले असतील!

फौजेतल्या प्रत्येकाचे तोंड वेगळे नोंदवून ठेवावे, ही कल्पना चित्रकारांच्या आधी नसली तरी त्यांच्याबरोबरीने दरबारी कारकुनांनाही सुचलेली होती. 1601 साली असीरगड पडला आणि खानदेश अकबराच्या अंमलाखाली येऊन, शहाजादा दानियाल ह्याच्या नावावरून, काही काळ दानदेश म्हणवला गेला. त्या मोगली अंमलात फौजेच्या हिशेबाची दाग आणि चेहरा अशी दुहेरी पद्धत होती. दाग म्हणजे घोड्याला दिलेला डाग, आणि चेहरा म्हणजे स्वाराचे वर्णन: नाव, बापाचे नाव, जात, वतनाचे ठिकाण, रंग गोरा की सावळा, भुवया कशा, नाक कसे, तीळ कोठे, जखमेचा व्रण कोठे. हजिरीच्या दिवशी भाडोत्री माणूस उभा करून कोणी रोजमुरा उचलू नये, एवढाच त्याचा हेतू. नाकीडोळी ठेवण सांगताना आपण सहज जो चेहरेपट्टी हा शब्द वापरतो त्याच्या अंगाला ह्या दफ्तराचा वास अजून येतो. हेतू केवळ खजिन्याच्या बचावाचा होता, हे खरे. तरी ह्या नोंदीत मला काहीतरी हलवून सोडणारे दिसते. अफरातफरीच्या भीतीपोटी का होईना, एका साध्या स्वाराच्या गालावरचा व्रण कोणीतरी निरखून पाहिला आणि बोरूने कागदावर उतरवला.

ह्याच्या अगदी उलट टोकाला, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी, प्रशियात युद्धखेळाचा शास्त्रोक्त जन्म झाला. 1812 साली फॉन राइसवित्झ नावाच्या गृहस्थाने तेथल्या राजाला एक खास मेज नजर केले, आणि 1824 साली त्याच्या सैन्याधिकारी मुलाने त्या खेळाचे नियम सुधारून सैन्याच्या शिक्षणात त्याचा समावेश करविला. त्यात पलटणींच्या जागी लहान लहान आयताकृती ठोकळे होते, एका पक्षाचे तांबडे आणि दुसऱ्याचे निळे. सेनापतीला जे शिकावयाचे असते त्यासाठी हे ठोकळे पुरेसे असतात, किंबहुना तेच सोयीचे असतात. कारण ठोकळा उचलून बाजूला ठेवताना हात थरथरत नाही. एच. जी. वेल्स ह्यांनी 1913 साली ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहून खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईचे नियम बांधून दिले, तेव्हा त्यांनी ह्या छोट्या युद्धाची थोरवी खऱ्या युद्धाच्या तुलनेत मनापासून गायिली. पुढच्याच वर्षी युरोपात महायुद्ध पेटले आणि खऱ्या माणसांची मोजदाद ठोकळ्यांच्या हिशेबाने सुरू झाली.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. जळगावपासून जवळच धरणगाव आहे. बालकवींचे जन्मगाव म्हणून आपण ते ओळखतो; परंतु 1825 साली जेम्स आउट्रम ह्या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने खानदेशातल्या भिल्लांची पलटण उभारली तिचे ठाणेही तेथलेच. सातपुड्याच्या आणि सातमाळ्याच्या रानांतून, ज्यांच्यावर कालपर्यंत सरकारी फौजा धाडल्या जात होत्या, अशी माणसे त्या पलटणीत भरती झाली. पुढे त्या अधिकाऱ्याचा अश्वारूढ पुतळा कोलकात्यात उभा राहिला, आणि मान वळवून मागे पाहणारा तो स्वार आजही शिल्पकलेच्या ग्रंथांत वाखाणला जातो. धरणगावच्या रस्त्याने जाताना मला तो स्वार आठवत नाही. मला वाटते, त्या पलटणीतल्या पहिल्या हजिरीला जो कोणी डाव्या टोकाला उभा होता त्याच्या कानातले बाळीचे वेढे कसे होते, त्याचे डोळे सूर्याकडे किलकिले झाले होते की जमिनीकडे लागले होते, हे कोणीतरी रंगवून ठेवावयास हवे होते. इतिहास बहुधा सेनापतीची मूर्ती घडवतो आणि सेनेचा आकडा लिहितो.

परंतु नुसता चेहरा दिसला म्हणजे माणूस दयार्द्र होतो, अशी भाबडी समजूत करून घेण्यातही अर्थ नाही, आणि ह्या बाबतीत मला धुळ्याच्या तुरुंगाने सावध केले. त्या तुरुंगात विनोबांनी 21 फेब्रुवारी 1932 पासून अठरा रविवार गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, हे सर्वांस ठाऊक आहे. गीतेचा आरंभच मुळी दोन सैन्यांच्या मध्ये होतो. रथ मध्ये नेऊन उभा केल्याबरोबर अर्जुनाला जो समुदाय आतापर्यंत अक्षौहिणींत मोजला जात होता त्याचे एकेक तोंड दिसू लागले, आणि धनुष्य हातातून गळाले. प्रथम वाचताना मला हा चेहऱ्यांचा विजय वाटला होता. पण विनोबा तेथेच थांबवतात. ते एका न्यायाधीशाचा दाखला देतात: शेकडो अपराध्यांना फाशी देणारा तो न्यायाधीश, खुनी म्हणून स्वतःचा मुलगा समोर उभा राहताच, फाशीची शिक्षा कशी अमानुष आहे ह्यावर बोलू लागतो. अर्जुनाला दिसले ते स्वजनांचे चेहरे; त्याची करुणा ही आसक्तीच होती. परक्यांची तोंडे त्याने ह्यापूर्वी अनेक रणांत पाहिली होती आणि तेव्हा त्याचा हात थबकला नव्हता. ह्या एका दाखल्यापुढे मी बरेच दिवस निरुत्तर होतो.

माझे उत्तर, ते जे काही आहे ते, मला त्या वराहमुखी शिपायाने दिले. पेटीतले सैन्य दोन पक्षांचे होते, वीस मानव आणि वीस दैत्य; आणि मी, कोणीही करील त्याप्रमाणे, आधी मानव रंगवले. त्यांना मी नकळत ओळखीचे चेहरे दिले: एकाला गावाकडच्या गुराख्याचा रापलेला तांबूसपणा, एकाला माझ्या वडिलांच्या भुवया. दैत्यांची पाळी आली तेव्हा मात्र मन आळसावले. वीसही जणांना एकच हिरवा रंग, एकच तांबडा डोळा देऊन मोकळे व्हावे असे वाटले, आणि पहिल्या तिघांना मी तसा तो दिलाही. चौथ्याला हाती घेतले तेव्हा घडवणाऱ्याने त्याचा एक कान फाटका केला आहे हे ध्यानात आले. फाटक्या कानाची कड वेगळी रंगवावी लागली. ती रंगवताना तो कान कशाने फाटला असेल असे मनात आले. आणि तो विचार आल्यावर त्याचा डोळा इतरांसारखा रंगवणे अशक्य झाले. मी मागे वळून पहिल्या तिघांचे डोळे खरवडले आणि पुन्हा काढले.

डोळे शेवटी काढावयाचे असतात, हे मला कोणत्याही पुस्तकाने शिकवलेले नाही. धुळ्यास, आमच्या लहानपणी, भाद्रपदाच्या पौर्णिमेला घरी गुलाबाई बसत असे, आणि तिच्या मातीच्या मूर्ती पुष्कळदा घरीच रंगवल्या जात. आत्याबाई लुगड्याला हिरवा, काठाला पिवळा रंग देऊन झाला की मला जवळ बोलावीत आणि “आते डोया काढ,” म्हणून काडीला गुंडाळलेला कापूस माझ्या हाती देत. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांतसुद्धा डोळ्यांची आखणी हे अखेरचे आणि कसबी हाताचे काम असते. डोळा निघेपर्यंत माती ही माती असते; डोळा निघाला की ती आपल्याकडे पाहू लागते, आणि मग तिला वाटेल तशी उचलता येत नाही. देवतेच्या बाबतीत ही गोष्ट आपण सहज मानतो. ती दैत्याच्या बाबतीतही तितकीच खरी आहे, हे कळावयास मला साठी उलटावी लागली.

आणि मग आठवले की, आदिकवीने हे फार पूर्वी केलेले आहे. धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात समर्थ रामदासांच्या हस्ताक्षरातले वाल्मीकिरामायण जपून ठेवलेले आहे. त्यातल्या युद्धकांडात रावण उंच प्रासादावर चढतो, आणि शुक व सारण हे त्याचे हेर समोर पसरलेल्या वानरसेनेतले एकेक वीर त्याला बोटाने दाखवून त्याचे नाव, त्याचा वर्ण, त्याचा स्वभाव, त्याचे राहण्याचे पर्वत सांगत जातात. ही एका अद्भुत सैन्याची चेहरेपट्टी आहे, आणि ती शत्रूच्या मुखातून आली आहे! रावण त्या दोघांवर संतापतो. वैऱ्याला इतक्या बारकाईने पाहणारा मनुष्य त्याचा पुरता वैरी राहत नाही, हे त्या राजाने अचूक ओळखले असावे. समर्थांनी तेही सर्ग इतरांइतक्याच सावकाश, अक्षर अक्षर घोटून उतरले असतील, ह्या विचाराने मला माझ्या खिडकीशी बसल्या बसल्या फार आधार वाटतो. विनोबांचा तो न्यायाधीश स्वतःच्या मुलाचा चेहरा न शिकताच जाणत होता. परक्याचा चेहरा जाणण्यास मात्र अभ्यास लागतो, वेळ लागतो, थोपवून धरलेला श्वास लागतो. ब्रश हे त्या अभ्यासाचे एक लहानसे साधन आहे, एवढेच माझे म्हणणे.

गेल्या दिवाळीत भाचा आला. लाडू-चिवड्याची ताटे हलवून आम्ही जेवणाच्या मेजावर मैदान मांडले. तोफेच्या तोंडाशी धूर म्हणून मी वेचणीच्या ताज्या कापसाचा पुंजका ठेवला. खेळ रंगात आला, फासे पडले, आणि भाच्याने सवयीने, “मामा, तुमचे तीन गेले,” असे म्हणून दैत्यांच्या रांगेतून हाताला आले ते तीन उचलले. मी विचारले, “कोणते तीन?” तो क्षणभर गोंधळला, कारण खेळाच्या नियमात त्या प्रश्नाला स्थान नव्हते, मग त्याने मूठ उघडून खिडकीच्या उजेडात एकेक शिपाई फिरवून पाहिला आणि बराच वेळ तो काही बोलला नाही. डाव कोणी जिंकला ते आता माझ्या ध्यानात नाही. रात्री आवराआवर करताना तो प्रत्येकाला मलमलीच्या कप्प्यात निजवीत होता, आणि एकाला तेवढा बाहेर ठेवून म्हणाला, “मामा, ह्या फाटक्या कानवाल्याचा रंग कडेला उडालाय. उद्या मी जायच्या आत लावून टाकू.” दुसऱ्या दिवशी पहाटे, दारातल्या पणत्या अद्याप विझल्या नव्हत्या तेव्हा, आम्ही दोघांनी मिळून तो रंग लावला.